मालकांची मेणवेल

आमच्या मालकांना फुलं आवडायची, असं मला आजही छातीठोकपणे सांगता येणार नाही. देवाला वाहायची तीसुद्धा पाच, मोजून, आणि कुठली आहेत ते बघतही नसत. पण एका वेलीला फूल यावं म्हणून या माणसानं नऊ वर्षं वाट पाहिली, आणि त्या वेलीला ऊन मिळावं म्हणून पडवीवरचं एक कौल काढलं ते पुन्हा बसवलं नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. डोळ्यांनी काय, डोक्यानं म्हणा! पावसाळाभर त्या भोकाखाली आमचं घंगाळ ठेवलेलं असायचं.

मालक म्हणजे घरमालक. नारायण पेठेत, नदीच्या अंगाला त्यांचं घर. पुढच्या दोन खोल्यांत ते एकटे, मागच्या दोन खोल्यांत आम्ही बिऱ्हाडकरू, म्हणजे मी, सासूबाई आणि आमचे हे. ह्यांचं राहणं नावालाच, वर्षातले आठ महिने फौजेबरोबर कुठं कुठं गेलेले असायचे. दोन्ही बिऱ्हाडांच्या मध्ये एक पडवी होती, ती सामाईक. सामाईक म्हणजे काय, ती वेलीची होती. आम्ही तिथून जा-ये करायचो इतकंच.

ही सगळी श्रीमंत पेशव्यांच्या राज्यातली गोष्ट हो. आता टोपीवाला इंग्रज आला, कोतवालीवरची माणसं बदलली, आणि मी म्हातारी झाले. बाईमाणसाला लिहिता कसं येतं म्हणून लोक विचारतात, तेही सांगून टाकते. माझे वडील पोथ्यांच्या नकला करायचे. मी त्यांच्या समोर बसून शाई घोटायची. कुणी शिकवलं नाही, बघून बघून आलं. समोर बसायची म्हणून पहिली दोन वर्षं माझी अक्षरं सगळी उलटी यायची.

मालकांनी तरुणपणापासून सरकारी दफ्तरात लाखोटे केले. पत्र लिहिणारा कारकून वेगळा, पत्र घेऊन धावणारा जासूद वेगळा. मध्ये कागदाची घडी घालायची, लाख पाघळवायची आणि शिक्का उमटवायचा, एवढं यांचं काम. तीस वर्षं तेच. लाखेनं भाजून भाजून बोटांची टोकं अशी कडक झालेली की निखारा उचलला तरी हूं की चूं नाही. आणि दिव्याच्या धुरात डोळे गेलेले. अगदी गेले नव्हते, पण हातभर लांबचं सगळं धूसर.

"तीस वर्षं पत्रं बंद केली," असं ते अभिमानानं सांगायचे, "आत काय लिहिलंय ते एकदाही बघितलं नाही."

सासूबाई आतून म्हणायच्या, "बघितलं असतंत तर बोलायला काही विषय तरी झाला असता."

वेल त्यांना दफ्तरातच मिळाली. कोकणातून घाट चढून एक जासूद आला. वाटेत त्याच्या थैलीची दोरी तुटली, तर पठ्ठ्यानं झाडावरची एक वेल ओढून तिनंच थैली बांधली. चार दिवसांनी पुण्यात पोचला तरी वेलीची पानं हिरवीगार! जाड, गुळगुळीत, तेल लावल्यासारखी. मालकांनी पत्रं काढून घेतली आणि वेलही ठेवून घेतली. जासूद म्हणाला, "काका, हिला मेणासारखी फुलं येतात. झुबका येतो, चांदण्यांचा. पण एक सांगतो, फुलं गळून गेली तरी देठ मोडू नका. पुढल्या साली त्याच देठावर फुलतं." नाव त्याला ठाऊक नव्हतं. आम्ही आपली मेणवेल म्हणायचो.

आधी त्यांनी ती परसात काळ्या मातीत लावली आणि छान पाणी घातलं. महिन्यात कुजली. हाताएवढा तुकडा वाचला. मग मालक विचार करत बसले. त्यांना विचार करायला फार वेळ लागायचा, पण केला की पक्का. वेल झाडावर होती, म्हणजे तिला माती ठाऊकच नाही, असं त्यांनी ठरवलं. नारळाची सोडणं, फुटक्या कौलांचे तुकडे, कोळसा आणि कुजका पाला असं सगळं एका मडक्यात भरलं, त्यात वेल खोचली, आणि मडकं शिंक्यात ठेवून पडवीच्या आढ्याला टांगलं. सकाळचं ऊन हवं म्हणून ते कौल निघालं. दुपारचं ऊन नको म्हणून पश्चिमेला तरट लागलं. बोटांना ओल कळत नसे, म्हणून पाटावर उभे राहून ते मडक्याला कोपर लावून बघायचे. तान्ह्या पोराचं न्हाण्याचं पाणी आपण बघतो ना, तस्संच. कोपराला कोरडं लागलं तरच पळीभर पाणी.

पळीभर! आणि इथंच सगळा घोळ होता. आपल्या बायकांचं कसं असतं, सकाळी न्हाऊन तुळशीला पाणी घातलं की तांब्यात उरलेलं दिसेल त्या झाडाला घालायचं. तहानलेल्याला पाणी, म्हणजे पुण्य. सासूबाई घालायच्या, समोरच्या काकू हळदीकुंकवाला आल्या की घालायच्या. एक दारोदार कोरान्नाचे दाणे मागणारी बाई यायची, तीसुद्धा जाता जाता घालायची. वेल पिवळी पडायची आणि मालक वेड्यासारखे व्हायचे. शेवटी त्यांनी पडवीच्या भिंतीवर गेरूनं लिहिलं,

"वेलीस पाणी घालू नये. पुण्य तुळशीपाशी मिळेल."

बालबोध अक्षरात लिहिलं, कारण बायकांना मोडी येत नाही असं त्यांना वाटायचं. बायकांना बालबोधही येत नाही, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नाही. वाचणारी मी एकटी. मी वाचून दाखवलं तशा सासूबाई भडकल्या.

"वर कौल नाही ते? त्यातून देव धो धो पाणी घालतो, त्याला जाऊन सांगा म्हणावं!"

मालकांच्या कानावर ते गेलं असावं. पाऊस आला की वेलीवर सूप धरायची व्यवस्था झाली. शेजारी दुसरी ओळ आली, "हात लावू नये. वेल काही बोलणार नाही, मी बोलेन."

एकदा सासूबाई इरेला पेटल्या. मला म्हणाल्या, "तुला येतं ना? लिही त्याच्याखाली." मी कोळशानं लिहिलं, "कौल बसवावे." दुसऱ्या दिवशी सकाळी खाली उत्तर, "सूर्य पूर्वेस उगवतो, यास आमचा इलाज नाही." आणि त्याच्याही खाली बारीक अक्षरात, "क चे शेपूट आवरावे."

कुणी लिहिलं, बाईनं का लिहिलं, एक शब्द विचारला नाही. त्यानंतर मात्र ते भिंतीवर लिहायचे ते माझ्या उंचीला येईल असं, जरा खाली.

वेल वाढली. आढ्यावरून गेली, खांबाला गुंडाळली. पानं नसलेले लांबच लांब दोरे काढायची, ते कुणाच्या पदरात अडकायचे. समोरच्या काकू म्हणाल्या, "भावोजी, हे वाळकं तेवढं छाटा की." मालक म्हणाले, "आपल्या घरी जो जो नुसता बसलेला दिसतो त्याला त्याला छाटता का आपण?" काकूंचा थोरला दीर बारा महिने बसलेलाच असायचा. काकू महिनाभर आल्या नाहीत.

पण फूल म्हणाल तर नाही. नऊ वर्षं नाही. पेठेतले लोक मुद्दाम विचारायचे, "काय लाखोटेकाका, उघडला का लाखोटा?" हे म्हणायचे, "घाई असेल तर जाईजुई लावा."

नवव्या वर्षी आषाढात एका पानाच्या बगलेत करंगळीएवढी बोडकी काडी दिसली. ती मला दिसली, मालकांना कुठली दिसायला! मी भिंतीवर लिहिलं, "देठ आला." ते वाचून मालक पाटावर चढले, पाटावर चौरंग ठेवून त्यावर चढले, आणि नाक टेकेल इतक्या जवळून बघून खाली उतरले. संध्याकाळी देवापुढं एकाच्या जागी दोन निरांजनं होती.

त्या वेळी मला सहावा सरत आला होता. आता इथं एक सांगायला हवं. त्याच्या आदल्या वर्षी माझं पहिलं पोर सातव्यात गेलं होतं. मुलगा होता. मी अठरा-एकोणीस वर्षांची, माहेरी आई नाही, नवरा मुलखापल्याड. सासूबाईंची जीभ तिखट, पण त्या दिवसांत त्या माझ्या श्वासाकडेही कान लावून बसायच्या. पहिल्या खेपेला मला खर्वस खावासा वाटला होता आणि तो काही मिळाला नाही. डोहाळा अपुरा राहिला म्हणून पोर गेलं, हे त्यांच्या मनात घट्ट बसलेलं. मला दहादा विचारायच्या, "काय हवंय सांग. चिंच? भाजलेली माती? काहीही सांग, लाजू नको."

श्रावणात देठाच्या टोकाला मोहरीएवढे कळे धरले, त्याचे मिरीएवढे झाले, आणि एका संध्याकाळी सगळे एकदम उमलले. काय सांगू! मुठीएवढा झुबका, पांढऱ्या मेणाच्या चांदण्या, आणि प्रत्येक चांदणीत दुसरी छोटी गुलाबी चांदणी. दिवेलागणीला तर असा मंद गोड वास सुटायचा की चुलीपाशी बसलेली मी वेड्यासारखी पडवीत यायची. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "सासूबाई, मला ते केसांत माळायचंय."

सासूबाईंचा चेहरा पांढरा पडला. मागितलं तर काय मागितलं!

तरी त्या गेल्या. मी दाराआड उभी.

"भावोजी, एक मागणं आहे."

"कौल बसवणार नाही."

"कौलाचं नाही. सुनेला डोहाळा लागलाय."

"परसात चिंच आहे. हवी तेवढी न्या."

"तिला तुमचं फूल हवंय."

पाट सरकवल्याचा आवाज आला. मग मालक म्हणाले, "वहिनी, नऊ वर्षं झाली."

"ठाऊक आहे. आणि आमचं एक गेलंय, ते तुम्हाला ठाऊक आहे."

मग मालकांनी अगदी दफ्तरातल्या आवाजात विचारलं, "डोहाळा नक्की कसला? खायचा, हुंगायचा, की माळायचा?"

"माळायचा."

"माळायला तोडावंच लागतं, असं कुठल्या शास्त्रात लिहिलंय?"

सासूबाई पदर खोचतच परत आल्या.

मालकांनी ठरवलं, फूल सूनबाईंकडे येणार नाही, सूनबाईंनी फुलाकडे जायचं. डोहाळजेवण पडवीत करायचं, वेलीखाली चौरंग मांडायचा, आणि झुबका येऊन अंबाड्यावर टेकेल असं बसवायचं. पण मडकं उंच होतं आणि फुललेली वेल हलवली तर फुलं गळतात. म्हणून त्यांनी शिंक्याची दोरी रोज दोन बोटं सैल करायची असं ठरवलं. "वेलीला कळता कामा नये," म्हणाले. भिंतीवर रोजची खूण. मला चौरंगावर बसवून सासूबाईंनी काठीनं माझी उंची मोजली आणि ती काठी मालकांकडे पोचती केली. सहा दिवस हे चाललं. एकही चांदणी गळली नाही.

सातव्या दिवशी पेठेतल्या दहा-बारा बायका जमल्या. हिरवं लुगडं, हिरवा चुडा, अंबाड्यावर तो झुबका. न तोडलेला, वेलीवरचाच! मी मान ताठ ठेवून बसलेली. बायकांत पुरुषाचं काय काम, म्हणून सासूबाईंनी मालकांना बाहेर जायला सांगितलं. ते म्हणाले, "पाठ करून उभा राहतो, पण वेल सोडून जाणार नाही." आणि खरोखर दाराबाहेर, आमच्याकडे पाठ करून, हात मागे बांधून उभे राहिले. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. त्या फुलांतून मध गळतो, त्याचे थेंब माझ्या केसांत पडत होते, मानेवरून ओघळत होते. मला इतकं बरं वाटत होतं म्हणून सांगू! वाटलं, हे पोर राहणार.

समोरच्या काकूंनी ओटी भरली. आणि मी काय केलं असेल? ओटी भरली की काय करायचं, ते हाडात मुरलेलं. मी चटकन वाकले नमस्काराला.

एक कच्चकन आवाज झाला आणि मी तशीच राहिले. अर्धी वाकलेली. मधानं केस त्या झुबक्यात चिकटले होते, वाकताना गुंता झाला आणि एक दोराही अंबाड्यात आवळला गेला. खाली जाता येईना, वर येता येईना. वर मडकं हिंदकळत होतं. पोटात कळ आली आणि मी ओरडले.

बायकांचा गलका उडाला. कुणी सोडवायला बघावं तर गुंता जास्तच आवळायचा. कुणीतरी कातर आणली.

"दोन-चार केस तर आहेत. कापून टाका!"

"खबरदार!" सासूबाई किंचाळल्या. "सवाशीण आहे ती! नवरा फौजेत आहे तिचा. तिच्या केसाला कातर लावाल?"

जिच्या हातात कातर होती तिनं ती खाली टाकली. मला सगळ्यांची फक्त पावलं दिसत होती. त्या पावलांत मालकांची पावलं आली.

त्यांनी आधी केस सोडवायचा प्रयत्न केला. पण त्या बोटांना केस कुठला कळायला? मी रडत होते. "सूनबाई, दुखतंय का?" त्यांनी विचारलं. मी नुसता हुंदका दिला. खाली वाकून त्यांनी कातर उचलली. काकू हळूच म्हणाल्या, "भावोजी, एकच बट आहे. कुणाला कळणार आहे?"

"तिला कळेल," मालक म्हणाले.

आणि त्यांनी देठ कापला. मग तो दोराही. मी सरळ झाले. सासूबाईंनी मला कवटाळलं. मी वळून बघितलं तर कापल्या जागेतून पांढरं दूध टपटप गळत होतं, आणि मालक ते दोन बोटांत दाबून उभे होते. सासूबाईंनी स्वतः चुलीतली राख आणून दिली. ती लावल्यावर थांबलं.

"माळलं ना?" मालक म्हणाले. "मग झालं तर." आणि आत गेले, दार लावून घेतलं.

मुलगी झाली मला, कार्तिकात. सुखरूप. आता तिला नातवंडं आहेत, आणि तिच्या परसदारी त्याच वेलीचा तुकडा शिंक्यात लोंबतोय. त्या कापलेल्या देठावर पुन्हा फूल नाही आलं. दुसरे देठ यायला चार वर्षं गेली. ती फुलं मालकांनी पाहिली, त्यानंतरची दोन वर्षंही पाहिली, मग गेले. पण माझ्या डोळ्यांपुढं ते उभे राहतात ते ना वेलीखाली, ना भिंतीपाशी.

डोहाळजेवणाच्या दुसऱ्या दिवशी, दिवेलागणीला, आमच्या दारात खाकरल्याचा आवाज आला. नऊ वर्षांत मालक कधी आमच्या उंबऱ्याशी आले नव्हते. पागोटं घालून आलेले!

"फूल आहे का घरी?" त्यांनी विचारलं. एखाद्या माणसाला विचारावं तसं.

"आहे. या, बसा," सासूबाई म्हणाल्या आणि घोंगडी टाकली.

केसांतून सोडवलेला झुबका मी काशाच्या वाटीत पाण्यावर ठेवला होता. सासूबाईंनी वाटी त्यांच्यापुढं सरकवली. त्यांनी ती दोन्ही हातांनी उचलून डोळ्यांशी नेली. वेलीवर असताना त्यांना नुसतं पांढरं काहीतरी दिसत असणार, हे मला तेव्हा उमगलं. कोपर लावायचे, वास घ्यायचे, पण धक्का लागून चांदणी गळेल या धास्तीनं तोंड कधी झुबक्याजवळ नेलं नाही, त्यामुळं फूल त्यांनी पाहिलंच नव्हतं.

"मध्ये आणखी एक चांदणी आहे," म्हणाले.

"गुलाबी आहे," सासूबाई म्हणाल्या.

"गुलाबी," ते म्हणाले, आणि बराच वेळ बघत राहिले.

मग ते रोज यायला लागले. तीच वेळ, तेच पागोटं. सासूबाई गूळपाणी पुढं करायच्या. आधी फुलाचंच बोलणं, किती टवटवीत आहे, पाणी बदललं का. मग हळूहळू दफ्तरातल्या गमती, कोकणातलं त्यांचं घर, नदीला पूर आला तेव्हा हा भाग कसा दिसत होता. सासूबाई प्रत्येक गोष्ट खोडून काढायच्या आणि ते प्रत्येक गोष्ट पुन्हा मांडायचे. मी आत बसून दुपटं शिवायची आणि ऐकायची. घरात पुरुषाचा आवाज असला की भिंतीसुद्धा वेगळ्या वाटतात, हे मी विसरूनच गेले होते.

आठव्या दिवशी चांदण्या पिवळ्या पडून पाण्यावर सुटल्या. वास गेला. मालक वाटी हातात घेऊन बसले.

"वेलीवर राहिलं असतं," म्हणाले, "तर आणखी चार दिवस गेलं असतं."

मला काय झालं कोण जाणे, मालकांशी मी तोवर तोंडानं एक शब्द बोलले नव्हते. दाराआडूनच म्हणाले, "वेलीवर राहिलं असतं तर आपण आमच्याकडे आला असतात का?"

सासूबाईंनी डोळे वटारले. मालक वाटीतल्या चांदण्या बोटानं एका कडेला सारत राहिले.

"नाही," म्हणाले.

मग वाटी खाली ठेवली, पागोटं सारखं केलं, उठले. उंबऱ्यापाशी थांबून सासूबाईंना विचारलं,

"उद्या हीच वेळ सोयीची पडेल ना?"